हिवाळी मरगळ दरवर्षी परतते आणि उपाय फसतात, तेव्हा काय तपासावं

उत्तरेकडच्या, हिवाळ्यात लवकर अंधार पडणाऱ्या देशांत राहणाऱ्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते. ऑक्टोबर सरत आला की सकाळी अंथरूण सोडवत नाही. दुपारी चारला बाहेर काळोख दाटतो, कामात मन लागत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं आणि कुणाचा फोन आला तरी उचलायचा कंटाळा येतो. मार्च-एप्रिलमध्ये सगळं आपोआप निवळतं आणि पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. (दक्षिण गोलार्धात महिने उलटे, बाकी तेच.) मग प्रकाशदिवा (सूर्यप्रकाशाच्या बदली समोर ठेवून बसायचा तेजस्वी दिवा) आणला जातो, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या येतात, व्यायामाचा संकल्प होतो आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिन्ही गोष्टी कोपऱ्यात जाऊन पडतात.

यातले उपाय सहसा चुकीचे नसतात. चुकते ती वेळ, आणि चुकतं ते अंतर. दिवा दुपारी लावला जातो किंवा चार हात लांब ठेवला जातो, फिरायला जाणं काळोख पडल्यावर होतं आणि आठवडाभर कमावलेलं सगळं शनिवार-रविवारी दुपारपर्यंत झोपून घालवलं जातं. म्हणून दुरुस्तीची सुरुवात सकाळपासून करा. बाकीचं नंतर.

आधी खात्री करा की हा हिवाळ्याचाच त्रास आहे

१९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोसमी नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचा साचा नेहमीच्या नैराश्यापेक्षा थोडा वेगळा आहे. झोप उडण्याऐवजी वाढते, भूक मरण्याऐवजी खाखा सुटते, वजन वाढतं आणि हातपाय शिशाचे झाल्यासारखे जड वाटतात. लागोपाठ दोन वर्षं ठरावीक ऋतूत सुरू होऊन ठरावीक ऋतूत संपणारं नैराश्य असेल तरच डॉक्टर हे निदान करतात. त्याहून सौम्य प्रकार, म्हणजे कामं होतात पण रडतखडत होतात, तो कितीतरी जास्त लोकांना होतो. खालचे उपाय दोघांनाही लागू आहेत.

पण थकवा, जडपणा आणि झोपाळूपणा इतर कारणांनीही येतो. थायरॉइड मंदावणं, लोहाची किंवा बी-१२ची कमतरता, झोपेत श्वास अडकणं (घोरणं आणि सकाळी डोकं दुखणं ही त्याची खूण), नव्याने सुरू केलेलं एखादं औषध. मरगळ उन्हाळ्यातही पुरती जात नसेल तर दिव्यावर पैसे घालवण्याआधी रक्ततपासणी करून घ्या.

एक गोष्ट मात्र आजच तपासा, कारण ती जिवावर बेतू शकते. घरात असताना डोकं जड, मळमळ, गुंगी. बाहेर पडलं की बरं वाटतं. घरातल्या इतरांनाही थोडंफार तसंच होतं. हे मोसमी नैराश्य नव्हे. गॅसचा बॉयलर, शेगडी किंवा लाकूड-कोळशाचा हीटर नीट जळत नसेल, किंवा धुराडं तुंबलं असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. अशी शंका आली तर शोधाशोध करत घरात थांबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि आपत्कालीन सेवेला फोन करा. असं इंधन जळणाऱ्या प्रत्येक घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

नेमकं बिघडतं काय

माणसाच्या शरीरातलं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. ते रोज जागेवर आणण्याचं मुख्य काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचा पाहण्याशी फारसा संबंध नाही. त्या मेंदूला फक्त ‘उजाडलं’ एवढं कळवतात, आणि आकाशासारख्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. मंद, पिवळ्या दिव्याने त्या नीट जाग्या होत नाहीत. हिवाळ्यात उठणं, आवरणं, प्रवास सगळं काळोखात होतं, त्यामुळे मेंदूला निरोपच जात नाही. घड्याळ मागे पडत जातं, झोप आणणारं मेलाटोनिन सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं आणि कामाचे पहिले दोन-तीन तास शरीराच्या हिशेबात मध्यरात्रच राहते.

‘घरात तर लख्ख उजेड असतो’ हा भ्रम आहे. डोळे अंधाराला इतके पटकन सरावतात की त्यांच्यावर विसंबता येत नाही. आकडे पाहा (लक्स हे डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाचं माप). संध्याकाळची बैठकीची खोली १०० ते ३०० लक्स, चांगलं ऑफिस ३०० ते ५०० लक्स. ढगाळ हिवाळी दिवशी भर दुपारी उघड्यावर हजारापासून काही हजार लक्स. उन्हाळ्याच्या कडक उन्हात एक लाखाच्या आसपास. म्हणजे बाहेर कितीही करडं, मळकट दिसलं तरी तो उजेड घरातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत सरकलात की त्यातला थोडाच उरतो, म्हणून टेबल खिडकीला लावून घेणं हा फुकटचा आणि चांगला उपाय आहे.

प्रकाशदिवा घेतला, पण फरक पडत नाही

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण पुढच्यापैकी एक निघतं.

*अंतर.* खोक्यावर ‘१०,००० लक्स’ लिहिलेलं असतं, पण किती अंतरावर ते बारीक अक्षरात असतं. छोट्या दिव्यांना तो आकडा फक्त १५ ते २० सेंटिमीटरवर मिळतो, म्हणजे नाक टेकवून बसायला हवं. अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथा हिस्सा उरतो: ३० सेंटिमीटरवर १०,००० असेल तर ६० वर सुमारे २,५००. (मोठ्या पॅनेलचा उजेड जरा सावकाश घटतो.) म्हणून निदान ३० × ४० सेंटिमीटरचं पॅनेल घ्या, ज्याच्यासमोर हातभर अंतरावर आरामात बसता येतं. मोबाइलवरची उजेड मोजणारी ॲप अचूक नसतात, पण ‘दोन हजार की दहा हजार’ एवढं सांगतात. फोन डोळ्याजवळ धरा आणि सेन्सर दिव्याकडे करा.

*लुमेन आणि लक्सची गल्लत.* लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे तुमच्या डोळ्यापर्यंत पोचणारा. ८०० लुमेनचा घरगुती एलईडी बल्ब एक मीटरवर जेमतेम ६४ लक्स देतो. खोलीत असे दहा बल्ब लावले तरी दिव्याचं काम होणार नाही. खोली प्रसन्न दिसेल, तेवढा फायदा आहेच.

*मिनिटं.* १०,००० लक्सला ३० मिनिटं, ५,००० ला एक तास, २,५०० ला दोन तास. मधे उठून चहा टाकला, कपडे शोधले, तर ती मिनिटं धरायची नाहीत.

*दिव्याची जागा.* दिवा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर आणि किंचित बाजूला ठेवा, उजेड तिरका खाली आला पाहिजे. थेट त्याच्याकडे बघू नका. पण डोळे उघडे आणि तोंड त्याच्या दिशेला हवं. पाठीमागे दिवा ठेवून वाचत बसण्यात अर्थ नाही, कारण काम त्वचेवर नाही, डोळ्यातून होतं.

*वेळ.* इथे बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा सविस्तर. उठल्यानंतर पहिल्या तासाभरात दिवा लावायचा. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ओढतो, रात्रीचा मागे ढकलतो, आणि ही दिशा जिथे पालटते तो क्षण नैसर्गिक जाग येण्याच्या साधारण दोन तास आधी असतो. त्याआधी दिवा लावलात तर परिणाम उलटा होतो. समजा अलार्म नसेल तर तुम्हाला साडेनऊला जाग येते. अशा वेळी उत्साहाच्या भरात सहाला उठून दिवा लावला, तर घड्याळ आणखी मागे जाईल आणि आठवड्याभरात वाटेल की दिव्यानेच बिघडवलं. सुट्टीच्या काळात साडेनऊलाच सुरू करा आणि दर दोन-तीन दिवसांनी १५ ते ३० मिनिटं अलीकडे आणत आणत हव्या त्या वेळेला पोचा.

थोड्या लोकांची गोष्ट उलटी असते. संध्याकाळी सातलाच डोळे मिटतात आणि पहाटे तीन-चारला टक्क जाग येते. त्यांचं घड्याळ आधीच पुढे गेलेलं असतं. त्यांनी सकाळी दिवा लावू नये. संध्याकाळी लवकर लावून पाहावा. बाकीच्यांनी मात्र दुपारी चारनंतर दिव्याला हात लावू नये, रात्रीची झोप जाते.

*धीर.* फरक कळायला चार दिवस ते दोन आठवडे लागतात. रोज, सुट्टीच्या दिवशीही. बरं वाटलं म्हणून मधेच बंद केलात तर बहुतेकांना काही दिवसांतच त्रास पुन्हा जाणवू लागतो.

डोकं दुखलं, डोळे चुरचुरले, मळमळलं किंवा उगाच चिडचिड झाली तर दिवा थोडा दूर सरकवा किंवा १५ मिनिटांवर या, मग हळूहळू वाढवा. घेताना पांढरा उजेड आणि अतिनील किरण अडवणारा दिवा घ्या. निव्वळ निळ्या उजेडाच्या दिव्याची गरज नाही, तो डोळ्यांना जास्त टोचतो. रंगीत ‘मूड’ दिव्यांनी खोली छान दिसते, बाकी काही नाही.

पुढच्यापैकी काही असेल तर दिवा लावण्याआधी डॉक्टरांना विचारणं टाळू नका: डोळ्याच्या पडद्याचा आजार (मधुमेहामुळे झालेलाही), तीव्र अर्धशिशी, त्वचा किंवा डोळे उजेडाला हळवे करणारी औषधं (उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन, अमिओडेरोन), आणि विशेषतः बायपोलर आजार (ज्यात नैराश्य आणि उन्माद आलटून पालटून येतात). बायपोलरमध्ये तेजस्वी उजेड उन्माद उचकवू शकतो. झोप एकाएकी कमी झाली, विचार भरधाव सुटले, खर्च आणि बोलणं वाढलं, तर दिवा त्याच दिवशी बंद.

नीट वापरला तर दिव्याची ताकद कमी लेखू नये. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका चाचणीत मोसमी नैराश्याच्या ९६ रुग्णांवर आठ आठवडे तुलना झाली. एका गटाला रोज १०,००० लक्स, दुसऱ्याला २० मिलिग्रॅम फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध. दोन्ही गटांत ६७ टक्के लोकांना चांगला गुण आला.

दिव्यासमोर बसण्याइतकंही उठवत नाही

मग उजेड अंथरुणापर्यंत आणावा लागतो. पहाटेसारखा हळूहळू उजळणारा अलार्म-दिवा उठण्याच्या ३० मिनिटं आधी मंद सुरू होऊन २००-३०० लक्सपर्यंत जातो. तो उशीपासून हातभर अंतरावर, तोंडाच्या बाजूला ठेवा. पांघरूण डोक्यावर घेऊन झोपणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. अलार्म-दिवा घेणं जमत नसेल तर झोपायच्या खोलीतल्या मुख्य दिव्याला टायमर लावा. पंधरा मिनिटं आधी एकदम लागणारा दिवा सुखद नसतो, पण चालतो.

खोली गार हे न उठण्याचं दुसरं कारण. रात्री १६ ते १८ अंश झोपेला बरे, पण त्याच गारठ्यात पांघरुणाबाहेर यायला हिंमत लागते. हीटिंग उठण्याच्या अर्धा तास आधी सुरू होईल असं लावा, आणि लोकरी मोजे नि अंगावर घ्यायचं काही अंथरुणातून हात पोचेल तिथे ठेवा. क्षुल्लक वाटतं, पण सकाळचा निर्णय पहिल्या अर्ध्या मिनिटात होतो.

‘स्नूझ’ दाबून मिळणारी नऊ-नऊ मिनिटांची झोप काही भरून काढत नाही. मरगळ असताना दहा-अकरा तास झोपूनही ताजंतवानं वाटत नाही, कारण तुटवडा झोपेचा नसून उजेडाचा असतो.

सोमवार सर्वांत वाईट जातो

सुट्टीच्या दोन दिवशी तीन तास उशिरा उठणं म्हणजे घड्याळाच्या लेखी तीन तास पश्चिमेला जाऊन रविवारी रात्री परत येणं. उशिराची मर्यादा एक तास ठेवा. झोप खरोखर कमी पडली असेल तर दुपारी दोनच्या आत २० मिनिटांची डुलकी काढा, रात्री लवकर झोपा, पण उठायची वेळ हलवू नका. सगळे नियम मोडले आणि हा एक पाळला, तरी बरीच मजल मारता येते.

व्यायाम करूनही उत्साह येत नाही

कधी करता? काम संपवून, काळोखात, जिममध्ये? हृदयासाठी उत्तम, मनासाठीही काही प्रमाणात. पण तेच अर्धा तास झपझप चालणं सकाळी अकराच्या आत किंवा जेवणाच्या सुट्टीत उघड्यावर केलं तर व्यायाम आणि उजेड एकदम मिळतात. आठवड्यातून किमान पाच दिवस. बर्फ पडलेला असेल तर उत्तम, ताजं बर्फ अंगावर पडणारा बहुतांश उजेड परत फेकतं. गॉगल मात्र खरंच डोळे दिपत असतील तेव्हाच.

पावसापाण्याने रोज रद्द होत असेल तर अडचण इच्छेची नसून कपड्यांची असते. पाणी न शिरणारे बूट, वारा अडवणारं जाकीट, टोपी, हातमोजे. हे चारही दाराशी एका जागी टांगलेले असोत. ‘हवा सुधारली की जाईन’ या वाक्याने हिवाळे संपतात.

काहीच करावंसं वाटत नाही

इथे क्रम उलटा लावावा लागतो. मन झालं की करू असं म्हणत बसलं तर मन होत नाही. आधी करायला घ्यावं लागतं, मन मागाहून येतं. मानसोपचारातली हीच पद्धत मोसमी नैराश्यासाठी मुद्दाम घडवून तपासली गेली आहे, आणि दोन हिवाळ्यांनंतर पाहिलं तेव्हा दिवा वापरलेल्यांपेक्षा ती शिकलेल्यांमध्ये त्रास उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. कारण उघड आहे. दिव्याचं रोज बटण दाबावं लागतं, शिकलेली सवय पुढच्या वर्षीही हाताशी असते.

करायचं असं. आठवड्यातल्या तीन गोष्टी दिवस, वेळ, जागा आणि सोबतीसह लिहा. ‘जास्त लोकांना भेटायचं’ हे लिहिणं नव्हे. ‘बुधवारी साडेसहाला अमुक मित्राबरोबर बॅडमिंटन’ हे लिहिणं. त्यातली निदान एक गोष्ट अशी हवी की तुम्ही गेला नाहीत तर कुणाचा तरी खोळंबा होईल. आणि ती घरी पोचायच्या आधी ठेवा. एकदा बूट काढून सोफ्यावर बसलं की पुन्हा बाहेर पडणं फार थोड्यांना जमतं.

‘अंधार पडला, दिवस संपला’ हे वाक्य मनात आलं की घड्याळ बघा. साडेचारच वाजलेले असतात आणि झोपेला अजून सहा तास आहेत. त्या सहा तासांना एखादं काम द्या जे फक्त हिवाळ्यात होतं: शिवणकाम, वाद्य, एखादी भाषा, लाकूडकाम. हाताला चाळा असला की मोबाइल आपोआप बाजूला राहतो.

सारखी खाखा, आणि रात्री झोप उथळ

गोडाची ओढ या त्रासाचाच भाग आहे, ती दडपून जात नाही. न्याहारीत प्रथिनं असतील आणि जेवणं वेळेवर असतील तर दुपारी चारची झडप सौम्य होते. कॉफी-चहाचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारी दोननंतर नको. संध्याकाळ लांबलचक वाटते म्हणून रोज थोडी दारू हा सापळा आहे: झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते आणि दुसरा दिवस आणखी जड जातो.

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. उत्तरेकडच्या हिवाळी उन्हात ते त्वचेत तयार होत नाही, आणि अतिनील किरण गाळलेल्या दिव्यातूनही नाही. ब्रिटनमध्ये सरकारी सल्ला शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिटचा आहे, गडद त्वचेच्या लोकांना वर्षभर. हाडांसाठी ते घ्याच. मरगळ त्याने जाईलच असा भरवसा मात्र धरू नका, आणि स्वतःच्या मनाने रोज ४,००० युनिटच्या वर जाऊ नका.

२२ डिसेंबर उलटला, तरी जानेवारीत घसरण

दिवस मोठा व्हायला लागला हे खरं, पण आधी संध्याकाळच्या बाजूने. लंडनच्या अक्षांशावर सर्वांत लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या सुमाराला होतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय थेट वर्षअखेरीस. म्हणजे तुम्हाला ज्याची गरज आहे ती सकाळ महिनाअखेरपर्यंत उलट काळोखी होत जाते. त्यात सणाच्या सुट्टीत जागरणं होतात आणि दिवा घरी ठेवून लोक प्रवासाला जातात. जानेवारीचे पहिले तीन आठवडे दिव्याची वेळ मुळीच कमी करू नका.

डॉक्टरांकडे कधी

दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास जात असेल, काम किंवा घर सांभाळणं अवघड झालं असेल, किंवा दिवा नीट वापरून तीन-चार आठवड्यांत फरक नसेल, तर वाट पाहू नका. जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलं बरं असे विचार येत असतील तर त्याच दिवशी, आणि जवळच्या माणसाला सांगून. ज्यांना दरवर्षी जोराचा त्रास होतो त्यांना डॉक्टर लक्षणं सुरू व्हायच्या आधी, शरद ऋतूतच औषध सुरू करतात. त्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भेट घ्यावी लागते, नेमकं तेव्हा सगळं ठीक वाटत असतं. त्रास कोणत्या आठवड्यात सुरू झाला हे यंदा कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दिवा त्याच्या दोन आठवडे आधी बाहेर काढायचा.

दिवा बंद कधी करायचा

उठता त्याच्या निदान अर्धा तास आधी सूर्य वर आलेला असेल आणि सकाळी बाहेर पडणं होत असेल, तेव्हा वेळ ३० वरून १५ मिनिटांवर आणा आणि आठवड्याने थांबवा. चार-पाच दिवसांत पुन्हा जडपणा आला तर आणखी दोन आठवडे चालू ठेवा. जिथे वसंतात घड्याळं तासभर पुढे करतात तिथे त्या रविवारनंतर सकाळ पुन्हा काळोखी होते. आधीच्या आठवड्यात दिवा आवरून ठेवलेले बरेच जण तिथे अडखळतात, तेव्हा तो बदल पार पडेपर्यंत दिवा टेबलावरच राहू द्या.